जाणाऱ्याची खाच

बाबल, आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही आणि आता पंधरा दिवस झाले, तू माझ्याशी बोलत नाहीस. फिट्टंफाट म्हणावी तर तीही नाही, सात दिवस तूच जास्त घेतलेस. पहिलीच्या वर्गापासून तुझी ही खोड. भांडण सुरू करायचं मी आणि शेवटचा शब्द खिशात घालून चालू पडायचं तू.

त्या दिवशी तुझ्या मोबाइलवरून फोन आला तो मी मुद्दाम दोनदा उचलला नाही. म्हटलं, वाजू दे, आठ दिवसांनी का होईना आली अक्कल. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे शेवंती. "शालूबाय, नांदगावच्या फाट्यार हेंनी मान टाकल्यानी," एवढंच बोलली आणि मग नुसता रिक्षाचा आवाज येत राहिला. तुझी बायको तुझं डोकं मांडीवर घेऊन मला फोन लावत होती आणि मी माझ्या घरच्या ओटीवर बसून तुझी जिरवत होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू यावर हसशील, रागावणार नाहीस.

गावात काय बोलतात ते आता ऐक. "नाखव्याच्या घरान बाबलाक नेल्यान." तिसऱ्या दिवसापासून हे वाक्य तिठ्यावर, गिरणीत, देवळाच्या पायरीवर फिरतं आहे. कणकवलीच्या डॉक्टरांनी हृदयविकार म्हणून लिहून दिलं, शिक्का मारला. पण डॉक्टरचं अक्षर आपल्या गावाला कधी लागलेलं नाही. लोक म्हणतात, त्या घराच्या चौकटीला रंधा मारला त्याचं हे फळ. आणि रंधा मारायला तुला कोणी सांगितलं, हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस. विचारलं त्याला म्हणत राहिलास, "चूक माजी." मी शेजारी उभी असायचे आणि गप्प बसायचे.

तुला ही सगळी गोष्ट पाठ आहे. तरी मला ती पहिल्यापासून एकदा लावून बघायची आहे. मध्ये बोलू नकोस, आता तसाही बोलणार नाहीस.

खाडीच्या तोंडावरचं ते चिऱ्याचं घर एका नाखव्याचं होतं. त्याची स्वतःची गलबतं होती, घराचं सगळं लाकूड त्याच गलबतांनी मलबारातून आणलेलं. पुढे गलबतं गेली, नाखव्याची माणसं मुंबईला गेली, घराला कुलूप लागलं. आपल्या लहानपणीही ते बंदच होतं. दिवेलागण झाली की माझी आई म्हणायची, लांबून ये पण त्या घराच्या मागून येऊ नको. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी शाळेतून निवृत्त होऊन गावात राहायला आले तेव्हा माळ्यावर घुबडं होती आणि माजघरात कमरेएवढं वारूळ. मी मुंबईच्या वारसांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी लिहून दिलं, गाव वापरत असेल तोवर घर गावाचं, बंद पडलं तर आम्हाला परत. परत म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीवर हॉटेल बांधू पाहणारं गिऱ्हाईक त्यांच्या दारात उभंच होतं, आणि त्याला जागा हवी होती, घर नव्हे.

तेव्हा मी तुझ्याकडे आले. तू पडवीत पाट तासत होतास. वर न बघता म्हणालास, "घर उभा रवात गो शाले. पण माणसा येतली काय?"

"माणसं मी आणते," मी म्हटलं.

"मगे लाकूड माज्यार सोड," तू म्हणालास, आणि दोन पावसाळे त्या घरात घालवलेस. पाडलेल्या घरांचा जुना साग मिळतो म्हणून टेम्पोत बसून बांद्याला जायचास, प्रत्येक वाशाला बोटाने ठोकून, कान लावून बघायचास. नवं लाकूड त्या घराला लावायला तू तयार नव्हतास. "जुन्या घराक नवा लाकूड म्हणजे म्हाताऱ्याक दुसरी बायल. दोघांचाय हाल." हे तू शेवंतीसमोर म्हणालास आणि तिने तुला चहा दिला नाही.

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. सगळं घर चकचकीत झालेलं, फक्त खाडीकडच्या दाराची चौकट काळी, मेणचट दिसत होती. तिच्या उजव्या खांबावर आतल्या अंगाला आडव्या खाचा होत्या, कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. काही मेणाने बुजवलेल्या, काही उघड्या. मी म्हटलं, पोरांनी कोयते चालवलेले दिसतात, साफ करून टाक. तू अंगठा फिरवलास. "पोरांच्यो नाय ह्यो. पटाशीन घेतल्यो आसत, सरळ." मी म्हटलं, कशानेही घेतलेल्या असोत, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. आयुष्यभर हेडमास्तरीण होते ना, एकदा सांगितलं की पुन्हा विचार करायची सवय नव्हती. तू खांदे उडवलेस आणि रंधा उचललास. संध्याकाळी तो खांब असा गुळगुळीत झाला की गाल लावावासा वाटावा. खाली काळ्या-पिवळ्या सालपटांचा ढीग पडला होता, तो शेवंतीने चुलीला नेला.

उद्घाटनाला भागीरथीकाकीला दोघींनी धरून आणलं. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिचा बाप याच घरच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता आणि आई इथे दळायला-कांडायला यायची, एवढं आपल्याला माहीत होतं म्हणून मान म्हणून बोलावलेलं. भाषण चालू असताना काकी भिंत चाचपत खाडीकडच्या दारापाशी गेली. उजव्या खांबावर तिने हात ठेवला, वरून खाली नेला, परत खालून वर नेला.

"हयल्यो खाचो खंय गेल्यो?"

एवढ्या मोठ्याने म्हणाली की माईकवरचा पाहुणा थांबला. मग तिने सांगितलं ते आपण दोघांनी मान खाली घालून ऐकलं. गलबत सुटायच्या दिवशी प्रत्येक खलाशी या दारातून बाहेर पडायचा, आणि पडताना खांबावर आपल्या हाताने एक खाच कोरायचा. परत आला की आपल्याच हाताने तीत मेण भरायचा. उघडी राहिलेली खाच म्हणजे न आलेला माणूस. अशांसाठी घरची बाई रोज दिवेलागणीला खाडीकडचं दार उघडायची, पायरीवर दिवा ठेवायची आणि तीनदा हाक घालायची, "इलात काय रे?" दिवा आपणहून विझेपर्यंत दार उघडं ठेवायचं.

"माज्या बापाशीची खाच माज्या डोक्यावर होती," काकी म्हणाली. "आय रोज तिका हात लावी. आता ते दार वळखतले कशे? खंय म्हणान येतले?"

कोणी चहाला थांबलं नाही. पेढ्यांचे बॉक्स आपण दोघांनी डोक्यावर घेऊन परत नेले, आठवतं?

तरीही माणसं आली. थोडी माझ्या धाकाने आली, जास्त तुझ्या गप्पांनी. सकाळी लसीकरणाची नर्स बसू लागली, दुपारी बायकांची सहा शिवणयंत्रं चालू लागली, संध्याकाळी दहावीची मुलं अभ्यासाला. जिथे वारूळ होतं तिथे मुली गणितं सोडवताना मी पाहिल्या. त्या वेळी मी तुला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं ते आठवतं, खिडकीचा कोयंडा वाजतो, तो बघ.

आणि मग ते सुरू झालं. आडवा अडसर घालून बंद केलेलं खाडीकडचं दार सकाळी वीतभर उघडं सापडायचं. तू म्हणालास, "लाकूड ता. खाऱ्या वाऱ्यान फुगता नि सुकता." अडसर फुगून आपणहून उचलला कसा जातो, हे मी विचारलं नाही. एकदा दारापासून माजघराच्या मध्यापर्यंत जमिनीवर ओल दिसली, पावलापावलाच्या अंतरावर, आणि मध्यावर येऊन थांबलेली. तू बोट टेकवून जिभेवर ठेवलंस. "खारा आसा. भरती असली काय जमनीतसून येता." भरती नव्हती, बाबल. तुलाही माहीत होतं आणि मलाही. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला ते कॅलेंडरात बघावं लागत नाही.

ठोका मात्र मला सहन व्हायचा नाही. दिवेलागणीला, सावकाश तीनदा, दाराच्या अगदी खालच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. शिवणाऱ्या बायका म्हणाल्या, कुत्रा शेपटी आपटत असेल. मला एक गोष्ट सुचली आणि सुचली नसती तर बरं झालं असतं. काकी म्हणाली होती की पूर्वी भरतीचं पाणी या दाराच्या पायरीला लागायचं. होडीत बसलेला माणूस दार ठोकेल तर तेवढ्याच उंचीवर ठोकेल. आता तिथे पाणी नाही. चिखल आहे आणि कांदळाची झाडं आहेत.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीची ती गोष्ट. आपण दोघं खाडीकडच्या उंबरठ्यावर चहा पीत बसलो होतो, ऊन अजून कांदळाच्या शेंड्यांवर होतं. तू बशीत चहा ओतलास, मान वर केलीस, माझ्या खांद्यावरून खाडीकडे बघितलंस आणि अगदी सहज म्हणालास, "वाट सोड गो शाले, येवक दी तेका." मी सरकले. कोणी आलं नाही. चिखलाचा वास तेवढा अंगावरून आत गेला. तू बशी तोंडाला लावलीस ती बराच वेळ खाली घेतली नाहीस.

कोणाला रे? हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. देव न मानणारा माणूस तू. देवळाचं छप्पर दुरुस्त करताना देवालाच "जरा सरक, धूळ पडात" म्हणणारा. पण त्या दिवसापासून तू ऊन उतरायच्या आत घरी जायला लागलास. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. आता विचारायचं राहून गेलेलं एवढं एकच वाक्य दिवसातून दहा वेळा तोंडात येतं.

त्यानंतरचं भांडण तर तुला शब्द न् शब्द आठवत असेल. माझ्या डोक्यात आलं की त्या खाचा परत कोरून घ्याव्यात. गावाचंही समाधान होईल आणि, आता कबूल करते, माझंही.

"कितक्यो कोरू?" तू विचारलंस.

"होत्या तेवढ्या."

"कितक्यो होत्यो?"

मला सांगता येईना. तुलाही येईना. दोघांनी बघितल्या होत्या, मोजल्या कोणीच नव्हत्या. मी म्हटलं, दहा-बारा कोर, कोणाला कळणार आहे?

"जो येतलो तेका कळतला." तू पटाशी खाली ठेवलीस. "शाले, काकी काय म्हणाली ता आयकलंस मा? खाच जाणाऱ्यान कोरूची. आपल्या हातान. मागे रवल्ल्यान कोरली तर ती खोटी. मी खोटी खाच कोरूचंय नाय."

"नको कोरूस. बांद्याहून दुसरा सुतार आणते. तुझ्याच हाताला काय हिरे जडलेत?"

हे मी बोलले. साठ वर्षांच्या ओळखीत तुझ्या हाताबद्दल मी पहिल्यांदा वाईट बोलले. तू हत्यारं पिशवीत भरलीस, पुढच्या दारापर्यंत गेलास आणि वळून म्हणालास, "बांद्याचो येतलो, झकास कोरतलो. पण कोणाची ती खाच, ता तेका कोण सांगतला?"

झालं. नंतर आठ दिवस. तुझं घर माझ्या घरापासून दोन आगरं सोडून. रोज संध्याकाळी तुझ्या रंध्याचा आवाज यायचा आणि मी टीव्ही मोठा करायचे. बांद्याचा सुतार मी आणला नाही, एवढं तरी तुला कळलं होतं का?

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दाजींनी घराला कुलूप घातलं. घर चालवणाऱ्या आपल्या समितीचे अध्यक्ष, तलाठ्याच्या नोकरीत जन्म गेला, माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. "बाई, उद्या अजून कोणाला काही झालं तर लोक मला विचारतील," असं माझ्याशी कचेरीतल्या मराठीत बोलले, म्हणजे त्यांचं ठरलं होतं हे मी ओळखलं. बायका आपापली शिवणयंत्रं घेऊन गेल्या. मुलांना आयांनी घरी बसवलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सभा ठेवली, घर वारसांना परत करायचं का यावर. मला तुझाच राग आला. दोन पावसाळे खपून उभं केलेलं घर तू एका मरणाने बंद पाडलंस. एवढी काय घाई होती?

तेराव्याला पंगती उठल्यावर शेवंतीने मला मागच्या पडवीत नेलं. तेरा दिवसांत ती रडताना मी पाहिली नव्हती. तेव्हाही रडली नाही.

"शालूबाय, एक सांगूचा रवला. त्या दिवशी सकाळी हेंच्या छातीत कळ इली म्हणान रिक्षा बोलावली. नाखव्याच्या घराकडे इल्यार हेंनी रिक्षा थांबवक लावल्यानी. माका वाटला, खुळावले काय, खिडकी बघूक गेले. पाच मिनटांनी इले, हाताची धूळ झाडीत. म्हणाक लागले, जावन येतंय म्हणान सांगान इलंय."

"कोणाला सांगून?"

"ता मी इचारूक नाय."

तिनेही विचारलं नाही. आपण सगळ्यांनी मिळून तुला काही म्हणजे काही विचारलं नाही रे. मग तिने पदराआडून पटाशी काढली. "ही हेंच्या खिशात होती. तुमी ठेवा." पात्याच्या धारेला तांबूस भुगा चिकटलेला होता. मी बोट लावलं नाही. तशीच रुमालात गुंडाळली. ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. तिथे थांबला नसतास तर कणकवली गाठली असतीस का? शेवंतीलाही हेच विचारायचं होतं, तिच्या डोळ्यांत होतं. मी तिचा हात धरून बसले.

काल संध्याकाळी सभेला सगळं गाव दारासमोरच्या खळ्यात उभं होतं. पुढच्या पायरीवरसुद्धा कोणी चढेना. दाजींनी कागद वाचायला घेतला. मी म्हटलं, "आधी कुलूप काढा. शेवंतीला आत जायचं आहे." चौदाव्या दिवशी तिला नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मी काकीलाही बोलावून घेतलं होतं. दाजींनी कुलूप काढलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

आत कोंदट वास होता आणि त्यात, शपथेवर सांगते, ताज्या कापलेल्या सागाचा. खाडीकडच्या दाराचा अडसर काढून भिंतीला टेकवलेला होता, तू टेकवायचास तसा. दार मात्र लागलेलं. दारापासून माजघराच्या मध्यापर्यंत ओल होती. अकरा दिवस बंद घरात ताजी ओल. दाजी दारातून वाकून बघत होते. "भरती आहे का आता?" त्यांनी विचारलं.

काकी खांबापाशी गेली. गुळगुळीत लाकडावरून तिचा हात वर गेला, तुझ्या खांद्याच्या उंचीवर जाऊन थांबला आणि तिथेच पुढेमागे झाला.

"हय एक आसा," ती म्हणाली. "नवी आसा. भरूक नाय."

एकच खाच. आडवी, कडा अशा धारदार की बोट कापावं. छातीत कळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने कोरलेली आणि तरी केसभर वाकडी नाही. या गावात तेवढी सरळ रेघ दुसऱ्या कोणाच्या हातून येत नाही, हे दाजींनाही कळलं. त्यांनी कागदाची घडी घातली.

"जाणाऱ्यान कोरल्यान," काकी म्हणाली. "आता दार वळखतले. दिवो हाडा."

मी खांबाला धरून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. बाबलने रंधा स्वतःच्या मनाने मारला नाही, मी मारायला लावला. चूक त्याची नव्हती, माझी होती. चौदा दिवस उशिरा सांगितलं आणि ते ऐकायला तू नव्हतास. निदान मला तसं वाटलं. दाजींच्या बायकोने चपला काढल्या आणि ती आत आली. तिच्यामागून शिवणाच्या बायका, मग मुली, मग पुरुष. माजघर भरलं. ओल होती तेवढी जागा सोडून सगळे उभे राहिले.

दिवा पायरीवर ठेवला, दार उघडलं. बाहेर ओहोटीचा चिखल, त्यावर थोडा उजेड. काकीने विचारलं, घरची बाई कोण? घराला बाई कुठली? सगळे शेवंतीकडे बघायला लागले. ती मग माझ्याकडे वळली.

"माका नाव घेवक जमाचा नाय. कदी घेवक नाय मी. शालूबाय, तुमी मारा हाक." आणि तेव्हा ती रडली.

आधी काकीने मारली, आपल्या बापाला. मग मी. "बाबल, इलंस काय रे?" जन्मभर वर्गात हजेरी घेतली आहे मी, नाव घेतल्यावर किती थांबायचं ते मला माहीत आहे. तीनदा घेतलं, तीनदा थांबले. तू शाळेतही हजेरीला कधी वेळेवर ओ दिली नाहीस. दिवा विझेपर्यंत आम्ही उभे होतो. काही झालं नाही. लोक हळूहळू घरी गेले. दाजींनी कुलूप खिशात घातलं आणि म्हणाले, "बाई, सकाळी कितीक वाजता उघडायचा?" कचेरीची मराठी गेली होती.

आज सकाळी चार शिवणयंत्रं परत आली. उरलेली दोनही येतील. हे मी नाखव्याच्या घरातच बसून लिहिते आहे. मुली पुढच्या ओटीवर अभ्यास करतात, माजघरात यायला अजून कचरतात. येतील. माणसं मी आणते म्हटलं होतं ना तुला? प्रत्यक्षात तीही तूच आणलीस.

तुझी पटाशी खांबाशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे आणि तिच्याजवळ मेणाची डबी. मुंबईला, आखाताला निघालेल्या कोणाला खाच कोरायची असेल तर कोरावी, आल्यावर भरावी, असं आम्ही ठरवलं. तुझी खाच मी भरणार नाही. मागे राहिलेल्याने भरली तर तीही खोटीच. इथे शेवटचा शब्द तुझा, मान्य. पण माफी मागायचा हक्क माझा आहे. चुकले मी, बाबल. तुझ्या हातासारखा हात मी पाहिला नाही, आणि हे तुला एकदाही सांगितलं नाही.

कांदळावरचं ऊन गेलं. दिवा भरून तयार आहे, काडेपेटी हातात आहे. मला भीती वाटते हे तुझ्यापाशी लपवण्यात अर्थ नाही. दाराला ठोका पडतो आहे. एक. सावकाश. खालच्या अंगाला.

लाकूड ता, म्हणशील तू. असेल. मी उठते, अडसर काढते आणि बाजूला उभी राहते. वाट सोडली आहे.